पोकेमॉनचं कार्ड हातात आलं की काय बघायचं: अटॅक, चित्र आणि स्वतःचं एक कार्ड

बेळगावात सुट्टीच्या दिवशी शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठल्याही गल्लीत जा, कुणाच्या तरी कट्ट्यावर पोरं पोकेमॉनची कार्डं पसरून बसलेली दिसतील. खानापूर-निपाणीकडेही तेच. जरा वेळ थांबून ऐकलं तर सगळं बोलणं एकाच आकड्याभोवती चाललेलं असतं, कार्ड एका अटॅकला किती मारतं त्या आकड्याभोवती. "माझा शंभरचा आहे." "माझा एकशे ऐंशीचा की!" ज्याचा आकडा मोठा त्याचं कार्ड भारी, आणि मग त्याच हिशेबानं अदलाबदल. लहान पोरांची चांगली चांगली कार्डं अशीच थोरल्यांच्या खिशात जातात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. त्या आकड्याच्या डावीकडं आणि खाली काय छापलंय हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

म्हणून हे लिहितोय. नव्यानं खेळायला लागलेल्या मुलांसाठी, आणि पोराच्या शेजारी बसून हे नेमकं काय आहे ते समजून घ्यायची इच्छा असलेल्या आई-बाबा, काका, आत्या, आजोबांसाठी. शेवटी आपल्याच खानापूर तालुक्यातल्या एका प्राण्याचं कार्डही बनवू.

हा खेळ जपानमध्ये ऑक्टोबर १९९६ मध्ये आला आणि इंग्रजीत जानेवारी १९९९ मध्ये. पहिल्या इंग्रजी संचाला बेस सेट म्हणतात, त्यात १०२ कार्डं आहेत. माझी बहुतेक उदाहरणं त्यातलीच आहेत, कारण त्या कार्डांवरचं गणित उघडं दिसतं. मूळ कार्डं महाग आहेत, ती विकत घ्यायची अजिबात गरज नाही. मोबाईलवर फोटो मोठा करून बघितला तरी पुरे.

पायरी १: खेळाचे चार नियम आधी

संपूर्ण नियम इथं देत नाही. पण एवढं माहीत नसेल तर अटॅक वाचताच येणार नाही.

प्रत्येकाकडं ६० कार्डांचा डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा. एकाच नावाची जास्तीत जास्त ४ कार्डं, साधी एनर्जी (अटॅक करता यावा म्हणून पोकेमॉनला लावायची कार्डं) मात्र कितीही. सुरुवातीला प्रत्येकानं ६ कार्डं बक्षीस म्हणून उपडी ठेवायची. समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की त्यातलं एक उचलायचं, आणि सहाही ज्यानं आधी उचलली तो जिंकला. आपल्या टर्नला हातातली एकच एनर्जी लावता येते. अटॅकही एकच, आणि अटॅक केला की टर्न संपली.

"एका टर्नला एकच एनर्जी" हा नियम पक्का डोक्यात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

पायरी २: वरची पट्टी आणि तळाची ओळ

वर डावीकडं नाव, उजवीकडं एचपी म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, आणि त्याच्याजवळ प्रकाराचं चिन्ह: आग, पाणी, वीज, गवत वगैरे. नावाजवळ बेसिक, स्टेज १ किंवा स्टेज २ लिहिलेलं असतं. बेसिक थेट मांडता येतो. स्टेज १ त्याच्यावर ठेवायचा, स्टेज २ त्याच्याही वर. ज्या टर्नला पोकेमॉन मांडला त्याच टर्नला त्याला पुढच्या स्टेजला नेता येत नाही. म्हणजे स्टेज २ चं कार्ड दिसायला कितीही दणकट असलं तरी ते मैदानात यायला वेळ खातं. हा वेळही त्या कार्डाची किंमतच आहे.

तळाला बारीक अक्षरात संचातला क्रमांक असतो. ४/१०२ म्हणजे १०२ पैकी चौथं. शेजारी गोल असेल तर कार्ड सर्रास मिळणारं, चौकट असेल तर थोडं कमी, तारा असेल तर दुर्मीळ. हल्लीच्या संचांत ताऱ्यांची संख्या आणि रंगही बघावे लागतात. दोन काळे तारे वेगळे, एक सोनेरी तारा वेगळा. आणि तिथंच चित्रकाराचं नाव छापलेलं असतं. ते वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पायरी ३: अटॅक डावीकडून उजवीकडं वाचा

अटॅकच्या ओळीत डावीकडं एनर्जीची चिन्हं, मध्ये नाव, उजवीकडं डॅमेज. खाली दोन-तीन ओळींचा मजकूर असू शकतो. वाचायचा क्रम हाच: आधी किती एनर्जी लागते, मग किती मारतो, मग खालच्या मजकुरात काय देणं किंवा घेणं आहे. शनिवारच्या बाजारात वांगी कितीही ताजी दिसली तरी आपण आधी भाव विचारतो, तसं.

एनर्जीच्या चिन्हांत पांढरट गोलातला तारा दिसला तर तिथं कुठलीही एनर्जी चालते. रंगीत चिन्ह असेल तर त्याच प्रकारची हवी.

सगळ्यात सोपं उदाहरण बेस सेटमधला पिकाचू, ५८/१०२. एचपी ४०. पहिला अटॅक नॉ: कुठलीही एक एनर्जी, १० डॅमेज, खाली मजकूर नाही. दुसरा थंडर जोल्ट: एक विजेची आणि एक कुठलीही, ३० डॅमेज. पण खाली लिहिलंय की नाणं उडवा, काटा आला तर पिकाचू स्वतःलाच १० डॅमेज करून घेतो.

आता पोराला विचारा: हा अटॅक चांगला की वाईट? ते म्हणणार, चांगला, तीसचा आहे. मग पुढचं विचारा: एचपी किती? चाळीस. म्हणजे समोरच्यानं काहीही न करता चार वेळा काटा पडला तर पिकाचू आपल्याच विजेनं बाद. दोन एनर्जीत २० ऐवजी ३० मिळतात ते उगाच मिळत नाहीत, त्या वरच्या दहाची किंमत नाण्यावर टाकलेली आहे. कार्ड बनवणाऱ्यानं एक छोटासा उंदरासारखा प्राणी घेतला, ज्याची वीज त्याच्याच अंगात पूर्णपणे आवरत नाही, आणि ते दोन ओळींच्या नियमात बसवलं. मला हे कार्ड फार आवडतं. स्वभाव आणि हिशेब इतके एकजीव झालेले क्वचित बघायला मिळतात.

पायरी ४: आकड्याला टर्ननं भागा

आता ज्याच्यासाठी सगळे जीव टाकतात ते कार्ड: चारिझार्ड, ४/१०२. एचपी १२०, स्टेज २. अटॅक एकच, फायर स्पिन. आगीच्या चार एनर्जी, १०० डॅमेज. खालचा मजकूर: हा अटॅक करायचा तर चारिझार्डला लावलेली दोन एनर्जी कार्डं टाकून द्यायची.

कागद घ्या आणि टर्न मांडा. चार एनर्जी लागलेल्या आहेत. अटॅक केला, दोन गेल्या, उरल्या दोन. पुढच्या टर्नला एक लावली, झाल्या तीन. अटॅक होत नाही, बसून राहायचं. त्याच्या पुढच्या टर्नला चौथी लावली, मग पुन्हा १००. म्हणजे दोन टर्नला १००, सरासरी एका टर्नला ५०.

आता त्याच्याच आधीचा टप्पा बघा, चार्मेलियन, २४/१०२. एचपी ८०. त्याचा फ्लेमथ्रोअर: आगीच्या दोन आणि कुठलीही एक, ५० डॅमेज, आगीचं एक कार्ड टाकायचं. तीन लावल्या, मारलं, एक गेली. पुढच्या टर्नला एक लावली, पुन्हा तीन, पुन्हा ५०. दर टर्नला ५०.

हे दोन कागद शेजारी ठेवले की पोरं गप्पच होतात. शंभरचा चारिझार्ड आणि पन्नासचा चार्मेलियन, लांबच्या हिशेबात एका टर्नला सारखंच मारतात. आणि चार्मेलियन तर चारिझार्डच्या मानानं कुणी मोजतही नाही.

मग चारिझार्ड उगाचच मोठा झाला का? नाही, आणि चर्चेची खरी मजा इथं आहे. समोर १०० एचपीचा ब्लास्टॉइज उभा आहे असं समजा. चार्मेलियनला त्याला पाडायला दोन टर्न लागतात, मधल्या टर्नला ब्लास्टॉइज उलटा मारणार. चारिझार्ड एका फटक्यात पाडतो, समोरच्याला संधीच मिळत नाही. बेस सेटमध्ये १२० च्या वर एचपीचं कार्ड नाही, त्यामुळं १०० हा आकडा म्हणजे जवळपास सगळ्यांना एका घावात बाद. म्हणून कार्डाबद्दल बोलताना दोन प्रश्न वेगळे ठेवा: सरासरी किती मारतो, आणि एका घावात कुणाला पाडतो. बहुतेक भांडणं हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळं होतात.

चारिझार्डच्या अटॅकच्या वर अजून एक गोष्ट लिहिलेली आहे, एनर्जी बर्न. त्या टर्नपुरती त्याला लावलेली कुठलीही एनर्जी आगीची मानता येते. झोपलेला, गोंधळलेला किंवा लुळा पडलेला असेल तर मात्र ही ताकद चालत नाही. वाचताना हे साधं वाटतं. पण त्याच संचात डबल कलरलेस नावाचं कार्ड आहे, एकाच कार्डात दोन एनर्जी देणारं, फक्त त्या आगीच्या नसतात. एनर्जी बर्न असल्यामुळं चारिझार्डवर त्या आगीच्या होतात. म्हणजे चार टर्नचं काम दोन टर्नमध्ये. पण फायर स्पिनच्या मजकुरात "दोन कार्डं" टाका असं आहे, त्यामुळं अटॅक झाला की ती दोन्ही कार्डं, म्हणजे चारही एनर्जी, गेल्या. पहिला घाव लवकर बसतो आणि हात रिकामा होतो. मजकुरातला एकेक शब्द असा मोजून वाचायचा असतो.

आकड्यापुढं चिन्ह असेल तर तेही बघा. ४०+ म्हणजे निदान ४०, खाली लिहिलेली अट जुळली तर जास्त. २०× म्हणजे २० ला कशानं तरी गुणायचं, कशानं ते खाली वाचा. कधी कधी उत्तर शून्यही येतं.

पायरी ५: खालच्या तीन गोष्टी, ज्या कुणी बघत नाही

अटॅकच्या खाली विकनेस, रेझिस्टन्स आणि रिट्रीट अशी तीन घरं असतात. विकनेसच्या प्रकारानं मारलं की डॅमेज दुप्पट. जुन्या कार्डांवर तिथं नुसतं चिन्ह असतं, हल्लीच्या कार्डांवर ×२ असं छापतात. रेझिस्टन्सच्या प्रकारानं मारलं तर तिथं छापलेला आकडा डॅमेजमधून वजा. रिट्रीट म्हणजे लढणाऱ्या पोकेमॉनला समोरून मागं यायला किती एनर्जी टाकाव्या लागतात.

चारिझार्डला पाण्याचा विकनेस आणि रिट्रीट तीन. आता ब्लास्टॉइजचा हायड्रो पंप काढा: पाण्याच्या तीन एनर्जी, ४०+. जास्तीच्या प्रत्येक पाण्याच्या एनर्जीला १०, पण वरचे २० पर्यंतच. म्हणजे जास्तीत जास्त ६०. पिकाचूच्या दुप्पट, बस्स, असं वाटतं. विकनेस लावा: १२०. चारिझार्डचा एचपी बरोबर १२०. एका फटक्यात संपला. शिवाय ब्लास्टॉइजची रेन डान्स ही ताकद पाण्याच्या पोकेमॉनना एका टर्नला हव्या तेवढ्या पाण्याच्या एनर्जी लावू देते, त्यामुळं पाच एनर्जी जमवायला त्याला पाच टर्न लागत नाहीत. आणि चारिझार्डनं पळून जायचं म्हटलं तर तीन एनर्जी टाका. पळाला तरी हात रिकामा, थांबला तरी मेला.

म्हणून कुणी कार्ड पुढं केलं की मी तरी आधी खालची तीन घरं बघतो, मग वर जातो. तुम्हीही तशी सवय लावून घ्या.

पायरी ६: नव्या कार्डावर हेच सगळं

आताची कार्डं बघून नवखा माणूस घाबरतो, कारण मजकूर खूप असतो. पण वाचायची रीत बदलत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ऑब्सिडियन फ्लेम्स संचातला चारिझार्ड ईएक्स घ्या. एचपी ३३०. बर्निंग डार्कनेस हा अटॅक आगीच्या दोनच एनर्जीत १८०+. समोरच्यानं जितकी बक्षिसं उचलली असतील तितक्या वेळा ३० वर. त्यानं पाच उचलली असतील तर १५० वर, म्हणजे ३३०. पुन्हा बरोबर स्वतःच्याच एचपीएवढा आकडा. सुरुवातीला हा बेताचा मारतो आणि आपण हरत आलो की भयंकर होतो. डाव हातातून निसटत असताना उलटवणारं कार्ड आहे हे.

मैदानात येतानाच तो डेकमधून आगीच्या तीन साध्या एनर्जीपर्यंत शोधून लावू देतो, म्हणजे "एका टर्नला एक" हा नियम तिथं वाकला. मग ही किंमत कुठं चुकवायची? एक तर तो स्टेज २ आहे. दुसरं, ईएक्स बाद झाला की समोरचा एकाऐवजी दोन बक्षिसं उचलतो. आणि अजून एक गोष्ट, जी चित्राकडं नुसतं बघून कळत नाही: एनर्जी आगीची लागत असली तरी हे कार्ड अंधार प्रकाराचं आहे आणि त्याला विकनेस गवताचा आहे. पाणी आणून काही उपयोग नाही. जुन्या आठवणीवर खेळणारा इथंच फसतो.

मोबाईलवरचा पोकेमॉन टीसीजी पॉकेट हा खेळ बऱ्याच पोरांनी आधी खेळलेला असतो. तो ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, त्यात डेक २० कार्डांचा असतो, एनर्जी आपोआप येते आणि विकनेसला दुप्पट न होता २० वाढतात. तिथले हिशेब कागदी कार्डांना लावू नका. कागदी खेळाचेच नियम मोबाईलवर शिकायचे असतील तर पोकेमॉन टीसीजी लाइव्ह घ्या, ते फुकट आहे.

पायरी ७: चित्र बघा, सावकाश

बेस सेटचा चारिझार्ड आणि तो पिकाचू, दोन्ही चित्रं मित्सुहिरो अरिता यांची आहेत. त्यांच्या चारिझार्डमध्ये पंख पसरलेले, तोंडातून ज्वाळा, आणि मागं आकाश-डोंगर काही नाही, आगच आग. कार्डाचा रंगही तोच. त्यामुळं चौकट आणि चित्र यांच्यात सीमाच जाणवत नाही. आता त्याच संचातला ब्लास्टॉइज काढा, तो केन सुगिमोरी यांचा. तिथं प्राणी नीट, स्वच्छ, पूर्ण दिसतो. एकात वातावरण, दुसऱ्यात आकार. पोरांना विचारा कुठलं आवडलं आणि का. "का" सांगायला लागली की त्यांची नजर तयार होते.

मी पोरांबरोबर बसतो तेव्हा चित्राबद्दल साधारण हेच विचारतो. प्राणी कुठल्या अटॅकच्या तयारीत आहे? उजेड कुठून येतोय? तो आपल्याकडं बघतोय की आपण त्याला लपून बघतोय? चित्रावरून तो चपळ वाटतो की जड, आणि रिट्रीटचा आकडा त्याच्याशी जुळतो का? हा शेवटचा प्रश्न माझा लाडका. तीन एनर्जीच्या रिट्रीटचा प्राणी चित्रात भारदस्त बसलेला असला की कार्ड मनात पक्कं बसतं.

सगळी चित्रं रंगानं काढलेली असतात असंही नाही. युका मोरिई मातीचे पोकेमॉन घडवून त्यांचे फोटो काढतात. असाको इतो लोकरीनं विणतात. ज्या घरात आजी क्रोशा करते तिथं हे कार्ड आजीला नक्की दाखवा, ती तुमच्यापेक्षा जास्त बारकाईनं बघेल.

चमक कुठं आहे तेही बघायचं. जुन्या होलो कार्डांत चमक फक्त चित्राच्या चौकोनात असते. रिव्हर्स होलोमध्ये चित्र सोडून बाकी अंग चमकतं. इंग्रजी कार्डांची पिवळी कड २०२३ च्या स्कार्लेट अँड व्हायोलेट संचापासून करडी झाली. मला पिवळी आवडायची, पण करड्या कडेत चित्राचे रंग जास्त उठून दिसतात हे मान्य करावंच लागतं.

पायरी ८: खोटी कार्डं

जत्रेत, खेळण्यांच्या दुकानात सोनेरी प्लास्टिकच्या कार्डांची गठ्ठीच्या गठ्ठी मिळते. नुसतं घरी खेळायला घेतली तर काही बिघडत नाही, पण त्यांची खऱ्या कार्डाशी अदलाबदल होता कामा नये. सोनेरी दिसलं म्हणून खोटंच असं समजू नका, खरी सोनेरी कार्डंही असतात. आतापर्यंत जे वाचायला शिकलो तेच इथं वापरा. एका एनर्जीत बेहिशेबी डॅमेज, अटॅकचं नाव एका पोकेमॉनचं आणि चित्र दुसऱ्याचं, स्पेलिंगच्या चुका: हिशेब जुळत नसेल तर कार्ड खोटं. शंका आली तर मागची निळी बाजू खऱ्या कार्डाशेजारी ठेवून रंग ताडून बघा आणि क्रमांक पोकेमॉनच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या कार्डांच्या यादीत शोधा.

पावसाळ्यात आपल्याकडं, विशेषतः खानापूर-कणकुंबीच्या पट्ट्यात, चमकीची कार्डं ओलीनं वाकतात. प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची एक-दोन पाकिटं. रबर लावून गठ्ठा बांधू नका, कडा कापल्या जातात.

पायरी ९: स्वतःचं कार्ड

अटॅकचा हिशेब खरा कळतो तो स्वतः कार्ड बनवताना. मोर, वाघ सगळेच काढतात. मी सुचवतो आपल्या भीमगड अभयारण्यातलं वटवाघूळ.

खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत. तिथं रॉटनचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ राहतं. १९१३ मध्ये शास्त्रात त्याची नोंद झाली आणि बरीच वर्षं जगात ते फक्त याच गुहांमधून माहीत होतं. पुढं मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. कान एवढे मोठे की ते पुढं तोंडावर येतात. अशा प्राण्याचं कार्ड जगात कुणाकडं नसेल, आणि ते बनवायचा पहिला हक्क आपल्या पोरांचा आहे. फोटो बघून काढा, त्या गुहांमध्ये मात्र जाऊ नका. वटवाघळांना त्याचा त्रास होतो.

आकडे ठरवायला बेस सेटचं माप घेऊ. मजकूर नसलेले अटॅक बघा: पिकाचूचा नॉ, एक एनर्जी १०. चार्मेलियनचा स्लॅश, तीन एनर्जी ३०. म्हणजे साधा दर एनर्जीला १०. याच्या वर जायचं तर काहीतरी द्यावं लागतं: थंडर जोल्ट १० वर जातो आणि नाण्याचा धोका घेतो, फ्लेमथ्रोअर २० वर जातो आणि एक एनर्जी टाकतो, फायर स्पिन ६० वर जातो आणि दोन टाकतो. हे कागदावर लिहून समोर ठेवा.

वडगावच्या चौथीतल्या एका मुलीनं केलेलं कार्ड माझ्यासमोर आहे. पहिल्या खेपेला तिनं एचपी ३०० आणि एका एनर्जीत २०० लिहिलं होतं. वरचा दर दाखवल्यावर तिनं स्वतःच खोडलं. आता ते असं आहे. बारापेडे वटवाघूळ, बेसिक, रंगहीन प्रकार, एचपी ५०. पहिला अटॅक "कानोसा": कुठलीही एक एनर्जी, डॅमेज नाही, समोरच्यानं हातातली सगळी कार्डं दाखवायची. दुसरा "झुंड": कुठल्याही तीन, २०×, तीन नाणी उडवायची, जितके छापे तितके २०. सरासरी ३०, म्हणजे दराला धरून. नशीब असेल तर ६०, नसेल तर शून्य. उडणारा प्राणी म्हणून विकनेस विजेचा, रेझिस्टन्स लढाऊ प्रकाराचा ३०, बेस सेटमधल्या पिजीसारखाच. रिट्रीट एक. चित्रात कान चौकटीच्या बाहेर गेलेत. शिसपेन्सिलीनं केलेला गुहेचा काळोख दाबून दाबून इतका गडद केलाय की कागद मागून फुगलाय. ते कान चौकटीबाहेर गेलेलेच ठेव म्हणून मी तिला सांगितलं, कारण "कानोसा" हा अटॅक चित्रातच वाजतोय.

माप ६३ मिलिमीटर रुंद, ८८ मिलिमीटर उंच. साध्या कागदावर काढून कापा आणि स्लीव्हमध्ये एखाद्या जुन्या कार्डाच्या पुढं सरकवा, म्हणजे जाडी आपोआप बरोबर येते. छापायचंच असेल तर डीटीपीच्या दुकानात ३०० जीएसएम आर्ट कार्ड सांगा. पोकेमॉनची मागची बाजू छापू नका, आपली वेगळी काढा, म्हणजे कुणाची फसवणूक होणार नाही. चित्रकार म्हणून तळाला स्वतःचं नाव लिहायला विसरू नका.

अटॅकचा मजकूर मराठीत लिहा आणि खाली कन्नडमध्येही. आपल्या गल्लीत दोन्ही माध्यमांची पोरं एकाच कट्ट्यावर बसतात. चिन्हं आणि आकडे तर सगळ्यांनाच वाचता येतात, पण "समोरच्यानं हात दाखवायचा" हे ज्याच्या त्याच्या भाषेत असलं की डावात वाद होत नाही. कन्नड येत नसेल तर शेजारच्या मित्राकडून लिहून घ्या. वडगावच्या त्या कार्डावरची कन्नड ओळ तिच्या मैत्रिणीच्या अक्षरात आहे आणि चित्रकाराच्या जागी दोघींची नावं आहेत.

आकडे पेन्सिलीनंच ठेवा आणि पिकाचू, चार्मेलियन असल्या ओळखीच्या कार्डांविरुद्ध चार-पाच डाव खेळा. वटवाघूळ दर वेळी जिंकत असेल तर आधी एचपी कमी करा, अटॅकला हात लावू नका. एका वेळी एकच आकडा बदलला तर कशानं काय फरक पडला ते कळतं. दर वेळी हरत असेल तर रिट्रीट शून्य करून बघा, वटवाघळाला ते शोभतंही. मग बाजू बदलून खेळा, म्हणजे कार्ड ज्यानं बनवलं त्यानं त्याच्याविरुद्ध खेळायचं. दोघांनाही ते आपल्या डेकमध्ये हवंसं वाटलं आणि समोरून आलं तरी अन्याय वाटला नाही, की आकड्यांवर शाई फिरवा.